तळहाताच्या खळग्याएवढा सोडा

नोनी कॉन्सिडाइनने एकोणसाठाव्या वर्षी लग्न केलं, ते क्नॉकारा गावाने फारसं मनावर घेतलं नाही. तीन आठवडे दुसरा विषय काढला नाही, एवढंच. लेंटचे उपवास लागायच्या आधीचा मंगळवार हा आमच्या भागात लग्नांचा दिवस. त्या दिवशी विशीतल्या पोरी वेदीपुढे उभ्या राहतात, गुडघ्याला तेल चोळणाऱ्या बायका नाही. नवरदेव कॉन ट्युब्रिडी किल्कीचा, रेल्वेतला जुना कारकून. रेल्वे बंद होऊन दहा वर्षं झाली होती, पण कॉन अजून दर तासाला खिशातलं घड्याळ काढून बघायचा. गाडी कधी आली तर आपण गाफील नको. किल्की समुद्रकाठी, इथून बसने सव्वा तास. "एवढ्या लांब द्यायची का मुलगी," असं दुकानवाली डीलिया टाल्टी म्हणाली. तिचे तिन्ही मुलगे अमेरिकेत होते, पण ते वेगळं.

नोनीचा भाऊ थेडी तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. तोही बिनलग्नाचा. आई गेली तेव्हा नोनी चौदा वर्षांची होती. त्या आठवड्यापासून घरातला ब्रेड तिने केला, रोज एक, आणि थेडीने तो खाल्ला, रोज एक. इतक्या वर्षांत त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता. तसा तो अबोल नव्हता. गाईंशी तो तासन्‌तास बोलायचा.

लग्नाच्या सकाळी नोनी आरशापुढे हॅट बसवत होती, आणि थेडी दारात, इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभा होता.

"आणि ब्रेड?" त्याने विचारलं.

"कसला ब्रेड?"

"आपला. रोजचा."

नोनीने दातात धरलेली हॅटची पिन काढली. "निळ्या मगाने चार मग पीठ. तीन जाडं, एक पांढरं. चिमूटभर मीठ. सोडा तळहाताच्या खळग्यात बसेल एवढा. अंगठ्याने चुरायचा, गुठळी ठेवायची नाही. मधे खड्डा करून ताक ओतायचं."

"ताक किती?"

"मागेल तेवढं."

"कोण मागेल?"

"पीठ मागतं, थेडी. हाताला कळतं. आणि मळत बसू नकोस, त्याने तुझं काही वाईट केलेलं नाही. वर सुरीने क्रूस काढ, बिडाच्या भांड्यात ठेव, झाकणावर निखारे. झाला की उलटा करून बुडावर टकटक कर, रिकाम्या पेटीसारखा वाजला पाहिजे. मग फडक्यात गुंडाळ."

एवढं सांगून ती गेली आणि लग्न करून मोकळी झाली. पंचेचाळीस वर्षांची विद्या तिने दोन मिनिटांत दिली. हॅटला याहून जास्त वेळ लागला होता.

थेडीने मात्र ती विद्या लहानपणी धर्माची प्रश्नोत्तरं पाठ केली होती तशी पाठ केली, शब्दाला शब्द. आता थेडीच्या हातांबद्दल सांगायला हवं. अडलेली गाय सोडवायला दोन-दोन गावांवरून त्याला बोलावणं यायचं, ते त्या हातांसाठी. त्याच्या मापाचा हातमोजा कुठल्या दुकानात मिळत नसे. फादर गिलिगन नवे आले तेव्हा त्यांनी थेडीशी एकदा हात मिळवला होता; त्यानंतर ते त्याला लांबूनच आशीर्वाद द्यायचे. या हाताचा तळवा थेडीने पसरला, त्याच्या खळग्यात बसेल एवढा सोडा ओतला, अंगठ्याने चुरला, गुठळी ठेवली नाही, आणि पिठात टाकला. नोनीने सांगितलं होतं त्यात काडीचाही फरक केला नाही.

ब्रेड फुगला, चांगला टोपलीएवढा. रंग तांबूस. बुडावर टकटक केली तर रिकाम्या पेटीसारखा वाजला. थेडीने तो फडक्यात गुंडाळला, थोड्या वेळाने कापला, आणि आतून त्याला पिवळा-हिरवा रंग दिसला. साधारण जुन्या जखमेच्या कडेला असतो तसा. चव कपडे धुवायच्या साबणाची होती, शेवटी जरा कडवट.

थेडीने दोष शोधायला घेतला. तो पद्धतशीर माणूस. आधी पीठ बदललं. मग गिरणीवाल्याला चार शब्द सुनावले. मग ताकावर संशय घेतला, ताकावरून गाईवर, आणि गाईला वरच्या कुरणातून खालच्या कुरणात नेलं. मार्चमध्ये पावसाला दोष दिला, एप्रिलमध्ये सरकारला. सोड्याकडे त्याने वाकड्या नजरेने पाहिलं नाही, कारण सोडा तर नोनीच्या शब्दाप्रमाणे अचूक होता.

दुकानातला कापलेला ब्रेड आणणं हा एक मार्ग होता. डीलियाच्या दुकानात तो मेणकागदात गुंडाळून रचलेलाच असे. पण काही वर्षांपूर्वी त्याच दुकानात, दहा माणसांदेखत, थेडी बोलून गेला होता की हा ब्रेड शाई टिपायला बरा, खायला कशाला. बोलणारे विसरतात, ऐकणाऱ्या दहा जणांपैकी आठ जिवंत होते. तेव्हा तो मार्ग बंद.

आमच्या गावाची एक खासियत आहे. इथे कुणाबद्दलही खरं बोलायला माणूस घाबरत नाही, फक्त ते त्याच्या तोंडावर बोलत नाही. थेडीकडे संध्याकाळी चुलीपाशी बसायला कुणी ना कुणी यायचं. आलेल्याला चहा विचारायचा, त्याने नको म्हणायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारायचं आणि त्याने खुर्ची पुढे ओढायची. चहाबरोबर ब्रेड. या वर्षी पहिल्यांदाच लोकांना तिसऱ्या वेळीही नको म्हणायची शक्कल सुचली. पण थेडी चौथ्यांदा विचारायचा.

डीलियाने पहिला तुकडा खाल्ला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घोटभर चहा घेतला, अजून एक घोट घेतला, आणि म्हणाली, "थेडी, असा ब्रेड मी आजवर कुठे खाल्ला नाही."

"खरं?"

"देवाशप्पथ."

आणि ती खोटं बोलत नव्हती. थेडीने तिला दुसरा तुकडा दिला, वर लोणी जाड लावून.

ते वाक्य गावभर झालं आणि पुढच्यांना ते पुरेना. कुणी म्हणालं, नोनीलाही असा जमला नसता. कुणी म्हणालं, याची पाककृती लिहून ठेव. गाडीवाल्या हेहिरने तर उरलेला अर्धा ब्रेड मागून घेतला. घरच्यांना चव दाखवतो म्हणाला, आणि घोडागाडीच्या चाकाखाली दगडाऐवजी लावला, चढावर. चांगला टिकला म्हणतात. सगळ्यांत प्रामाणिक निघाला थेडीचा कुत्रा, शेप. तो दिलेला तुकडा तोंडात धरायचा, मागच्या परसात न्यायचा, खड्डा खणायचा, पुरायचा आणि वर माती लोटून परत यायचा. थेडीला वाटायचं, जपून ठेवतोय बिचारा.

ऑगस्टमध्ये फादर गिलिगननी वेदीवरून यादी वाचली. आमच्याकडे पाळीपाळीने एकेका घरी मिस्सा होते, म्हणजे देवळातली उपासना फादर घरी येऊन करतात, स्टेशन म्हणतात त्याला. घर रंगवायचं, चुना लावायचा, शेजारपाजाऱ्यांनी जमायचं, फादरनी स्वयंपाकघराच्या टेबलावर मिस्सा म्हणायची, आणि मग सगळ्यांनी न्याहारी करायची. "ऑक्टोबरचा पहिला गुरुवार," फादर म्हणाले, "थेडी कॉन्सिडाइन यांचं घर."

देवळात एरवी खोकणारे होते, ते त्या वेळी खोकले नाहीत. सत्तावीस माणसं मनात एकच प्रार्थना करत होती.

दुसऱ्या दिवशी गावाच्या वतीने डीलिया थेडीकडे गेली.

"तुझ्यामागे किती व्याप, थेडी. चुना, रंग, खुर्च्या. ब्रेडचं आम्ही बघतो."

"ब्रेड घरचा."

"तसं कुणी मनात धरणार नाही रे."

"आमच्या घरी स्टेशनला बाहेरचा ब्रेड कधी आला नाही, डीलिया. आता तर तुम्हा सगळ्यांना इतका आवडतो."

यावर डीलियाला बोलायला जागा उरली नाही. ती जागा तिने स्वतःच बुजवली होती. ती दुकानात परतली. दुकानातच टपालाचं काम असल्यामुळे तिने कागद घेतला, नोनीला पत्र लिहिलं, स्वतःच तिकीट लावलं, स्वतःच शिक्का मारला आणि स्वतःच पिशवीत टाकलं. गावाचं सत्य किल्कीला पोचायला एक दिवस लागला. थेडीच्या घरी पोचायला सहा महिने पुरले नव्हते.

नोनीचं उत्तर थेडीला आलं.

"प्रिय थेडी, डीलियाने कळवलं की तुझा ब्रेड कुत्रा पुरतो. तू वाळला आहेस आणि पट्ट्याला नवं भोक पाडलं आहेस असंही कळलं. मी स्टेशनच्या आठ दिवस आधी येते आणि सगळं करते. तुला स्वतःपुरतं जमत नाही असं दिसलं तर हिवाळाभर तिथेच राहीन. पुढचं पुढे बघू. कॉनला सांगितलं आहे. तो काही म्हणाला नाही. नोनी."

थेडीने पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला, आणि त्याने परसातल्या त्या उकरलेल्या जमिनीकडे पाहिलं. तिथे चांगली पाच-सहा रांगांनी थडगी होती. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तो 'हिवाळाभर' या शब्दापाशी थांबला. मग त्याने पत्र शेपला मोठ्याने वाचून दाखवलं.

"येतेय," तो म्हणाला. "परत येतेय."

म्हणजे सगळं आपोआपच जुळून आलं होतं. वाईट ब्रेड करायचा, तो येतच होता. ती आठ दिवस बघेल, डोक्याला हात लावेल, आणि राहील. हिवाळा गेला की वसंतात कोण कुठे जातं. थेडीने त्या दिवशी ब्रेड केला आणि कधी नव्हे तो गुणगुणला.

रविवारी तो बसने किल्कीला गेला. तिला स्टेशनचं सांगायला, असं त्याने डीलियाला सांगितलं. खरं तर आपण किती वाळलो आहोत ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून.

कॉनचं घर समुद्राकडे तोंड करून होतं. खिडकीपाशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीत नोनी बसली होती. बसली होती म्हणजे नुसती बसली होती. हातात विणकाम नाही, मांडीवर शेंगा नाहीत. थेडीने तिला दिवसाउजेडी अशी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्याला आधी वाटलं ती आजारी आहे.

"बरं नाही का तुला?"

"का रे?"

"बसली आहेस."

"हो," नोनी म्हणाली. "असंच."

कॉनने चहा आणला. पुरुषाने केलेला चहा, आणि तो आधी नोनीला दिला. थेडीने शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिलं, तर दुसरीकडे टेबल होतं, आणि टेबलावर मेणकागदातला कापलेला ब्रेड.

"हे काय?"

"ब्रेड."

"तुझ्या घरात?"

"कॉनचे दात खोटे आहेत, त्याला आपला झेपत नाही."

"माझे दात ठणठणीत आहेत हं," कॉन म्हणाला, आणि नोनीने पाहिल्यावर म्हणाला, "म्हणजे खोटे आहेत, पण ठणठणीत." मग त्याने घड्याळ काढलं, पाहिलं, आणि कोळसा आणायचा आहे असं पुटपुटत बाहेर गेला. बादली कोळशाने भरलेली होती.

"थेडी, तुला सांगू का," नोनी म्हणाली. "मला तो ब्रेड कधी आवडला नाही."

"कधीपासून?"

"चौदाव्या वर्षापासून. कॉनने हिशेब केला, त्याला आवड आहे. सोळा हजारांच्या वर होतात. रोज उठायचं आणि पीठ. ताप असला तरी पीठ. बाबा गेले त्या सकाळीसुद्धा, आणि त्या दिवशी तर दोन. आणि सोळा हजारांत तू एकदा नाही म्हणालास, नोनी, बरा झालाय."

थेडीने विचार केला. त्याला खरंच उत्तर द्यायचं होतं. "वाईट झाला असता तर बोललो असतो," तो म्हणाला.

"बोलला असतास. ते खरं."

थेडीने तिच्या हातांकडे पाहिलं. नोनीची नखं स्वच्छ होती, त्यांच्या कडांना पीठ नव्हतं. तिच्या बोटातली अंगठी सैल नव्हती. लग्नाच्या दिवशी सैल होती, थेडीला आठवलं. वेदीपुढे तिने मूठ मिटून धरली होती.

"अॅप्रन धुऊन ठेवलाय," ती म्हणाली. "आठ दिवस आधी येते ना. तू काळजी करू नकोस." आणि हे म्हणताना ती उठली, आणि उठल्याबरोबर तिचे खांदे जिथे पंचेचाळीस वर्षं असत तिथे जाऊन बसले.

थेडीला आनंद व्हायला हवा होता. त्याने तो शोधून पाहिला.

कॉन त्याला फाटकापर्यंत पोचवायला आला. "थेडी," तो म्हणाला, "तिला न्यायचं तर न्या, मी आड येणार नाही. तुमचा हक्क जुना आहे. फक्त खिडकीतली तिची खुर्ची पण गाडीत घालून न्या. मी एकटा दोन खुर्च्यांचं काय करू."

"न्यायला मी आलो नव्हतो," थेडी म्हणाला. आयुष्यात तो इतकं धडधडीत खोटं क्वचितच बोलला असेल.

बस सुटताना नोनी खिडकीखाली येऊन उभी राहिली. तिने काचेवर तळवा टेकवला. आमच्याकडे माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत, त्यासाठी काचा असतात. थेडीने आतून आपला तळवा तिच्या तळव्यावर ठेवला, आणि तिचा हात गायबच झाला. बोटांची टोकंसुद्धा दिसेनात. त्याने हात उचलला, तिचा दिसला. ठेवला, पुन्हा गेला. नोनीला वाटलं, साठीला आलेला हा माणूस आता काय खेळतोय.

बस निघाली. काच धुळीने माखलेली होती. तिच्या तळव्याचा ठसा बाहेरून उमटला होता, मधे खळगा असतो तिथे धूळ तशीच राहिलेली. तो गोल एवढासा होता. थेडीने स्वतःच्या तळव्यात पाहिलं. तिथे कोंबडीचं अंडं आडवं झोपलं असतं, वर पांघरूण घेऊन.

सव्वा तास तो आपल्या हाताकडे बघत होता. शेजारच्या बाईने जागा बदलली.

घरी आल्यावर त्याने सोड्याचा डबा काढला आणि तळवा भरला. मग चहाचा चमचा घेतला आणि त्या ढिगातून एकेक सपाट चमचा परत डब्यात टाकायला लागला. एक, दोन. हातात एक चमचाभर उरला, एवढासा गोल, काचेवरच्या धुळीएवढा. थेडी खुर्चीत बसला. सहा महिने तो एका ब्रेडमध्ये तीन ब्रेडचा सोडा घालत होता, आणि त्यापायी एका निरपराध गाईचं कुरण बदललं होतं. चमचा त्या घरात पूर्वीपासून होता. पण चमचा चहासाठी असतो, हे दोन्ही कॉन्सिडाइनना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्याने दुसरं काही मोजता येईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने एक चमचा घालून ब्रेड केला. तो आधीच्यांइतका फुगला नाही. कापला, तर आत पिठाचाच रंग. पहिला तुकडा शेपपुढे टाकला. शेपने तो तोंडात धरला, सवयीने परसाकडे चार पावलं गेला, थांबला, आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला. मग तो थेडीकडे बघत राहिला, काहीतरी चुकलं असावं अशा नजरेने.

थेडीने किल्कीला पत्र टाकलं. "प्रिय नोनी, आठ दिवस आधी येऊ नकोस. स्टेशनच्या गुरुवारी सकाळी कॉनबरोबर पाहुणी म्हणून ये. हॅट घालून ये. थेडी." डीलियाने ते पाकीट उजेडात धरून पाहिलं, पण थेडीने जाड कागद घेतला होता.

नोनीने लिहिलं, "बरं. पण अॅप्रन पिशवीत घेऊन येते."

आता या सुधारणेचा गावाला पत्ता नव्हता. संध्याकाळी बसायला येणाऱ्यांची रीघ उन्हाळ्यातच आटली होती, आणि थेडी सांगत फिरणाऱ्यांतला नव्हता. स्टेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, घराला चुना लागला होता, खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि थेडी चार ब्रेडचं पीठ घेऊन परातीपुढे उभा होता. डाव्या हाताचा तळवा त्याने पसरला होता आणि उजव्या हातात चमचा होता. ती उद्या येणार. तळव्याने मोजलं तर नोनी पहिला घास घेईल, काही न बोलता पिशवीतून अॅप्रन काढेल, आणि हिवाळाभर चुलीपलीकडच्या खुर्चीत कुणीतरी असेल. कुणी त्याला दोष देणार नाही. सगळं गाव म्हणेल, नेहमीसारखाच झाला होता.

शेप दारात बसून बघत होता.

थेडीने चमच्याने मोजला. चार ब्रेडना चार सपाट चमचे, वर बोट फिरवून. मग चमचा पुसून चहाच्या खणात ठेवला. वर क्रूस काढताना त्याची सुरी जरा जास्तच खोल गेली.

गुरुवारी सकाळी आठला मिस्सा होती. कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचं नाही असा नियम. त्यामुळे सगळं गाव श्रद्धेने सहाला उठून पोटभर जेवून आलं होतं. हेहिरच्या कोटाचे खिसे बिस्किटांनी फुगले होते. एवढा ओसंडून वाहणारा धार्मिक भाव फादर गिलिगननी त्या गावात पूर्वी पाहिला नव्हता, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

नोनी निळी हॅट घालून आली. पिशवी तिने पायापाशी ठेवली. मिस्सा होईपर्यंत तिने चुलीकडे नऊ वेळा पाहिलं, कॉनने मोजलं.

मग टेबल सरकवलं, आणि थेडीने फडकी सोडली. पहिला तुकडा फादरना. फादरना नोनीच्या हातच्या ब्रेडची आठवण होती, थेडीच्या हातच्या ब्रेडची कीर्ती कुणी सांगितली नव्हती; ते अंडं फोडत बेफिकीर खाऊ लागले. बाकीच्यांनी घास घेतला, चहाचा कप दुसऱ्या हातात तयार ठेवून.

कप कुणी उचलला नाही. माणसं चावत राहिली, आणि एकमेकांकडे बघत राहिली. डीलियाने आपला तुकडा उलटा करून पाहिला. हेहिरने खिशातला हात बाहेर काढला आणि दुसरा तुकडा घेतला, कुणी न विचारता. ब्रेड चांगला झाला होता. साधा, घट्ट, ताकाची किंचित आंबट चव असलेला चांगला ब्रेड, आणि आता हे सांगायचं कसं. जेवढे शब्द होते तेवढे फेब्रुवारीपासून सगळे खर्च झालेले. असा कुठे खाल्ला नाही, हे झालं होतं. नोनीलाही जमला नसता, हेही झालं होतं. आता 'छान झालाय' म्हणावं तर त्याचा अर्थ काय निघाला असता, ते प्रत्येकाला कळत होतं.

थेडी किटली धरून उभा होता. सगळ्या गावाकडे पाठ करून तो एकाच माणसाकडे बघत होता.

शेवटी गावाच्या वतीने डीलिया बोलली. "नेहमीसारखाच, थेडी."

"नेहमीसारखाच," सगळे म्हणाले. त्यांच्या आवाजात मोठी सुटका होती.

नोनीने अजून खाल्ला नव्हता. तिने अख्खा ब्रेड उचलला, उलटा केला, बोटाच्या पेराने बुडावर टकटक केली आणि कान लावला. मग एक तुकडा कापला, लोणी न लावता तोंडात टाकला, आणि सावकाश चावला. तेवढ्यात कॉनने दोनदा घड्याळ पाहिलं. नोनीचा हात पिशवीत गेला. तिच्याकडे बघता बघता थेडीने किटलीतलं गरम पाणी हेहिरच्या बुटावर ओतलं. हेहिरने त्या दिवशी ते सहन केलं.

तिने अॅप्रन बाहेर काढला, झटकला, आणि थेडीच्या हातात दिला.

"वाईट झाला असता तर बोलले असते," ती म्हणाली.

थेडीने मान हलवली. या घरात याहून मोठं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि ते दोघांनाच कळलं. फादरनी तिसऱ्या तुकड्याकडे हात नेला.

दुपारी कॉनच्या भावाची मोटार दाराशी आली. थेडीने एक ब्रेड फडक्यात गुंडाळून पुढे केला. नोनी मागे सरली.

"मला नको रे बाबा. कॉनला दे."

कॉनने तो दोन्ही हातांनी घेतला, जणू कुणी त्याला रेल्वेच परत दिली. मोटार सुरू झाली. थेडी खिडकीशी वाकला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि काच वर होती. नोनीने ती खाली केली.

"नोनी."

"काय रे?"

"तुझा बरा व्हायचा."

नोनीने हॅट सरळ केली. "कुठला?"

थेडीने विचार केला. सोळा हजारांतला एक निवडायचा होता. "सगळे," तो म्हणाला.

"आता सांगतोयस," नोनी म्हणाली, आणि काच वर केली.

मोटार वळणावर गेली तेव्हा थेडी आत आला. चुलीपाशी डीलिया बसली होती, उरलेल्या ब्रेडकडे नजर ठेवून. थेडीने तिला चहा विचारला. तिने पहिल्याच वेळी हो म्हटलं.